भागरता, भागीरथी नव्हे

अजी, लोक तुम्हाला दानी म्हणताहेत. सकाळपासून सतरंजीच्या कोपऱ्यात बसून मी तेच ऐकते आहे. "सायबानं घरातले भांडेकुंडे सुद्धा गरिबाच्या पोरींले देऊन टाकले, असा मानूस पुन्हा होनार नाई," असं तुमच्या पंचायत समितीतले निवृत्त बाबू एकमेकांना सांगतात आणि हळूच माझ्याकडे बघतात, मी पदर डोळ्याला लावावा म्हणून. मी लावत नाही. तुमच्या वहिनी माजघरात मला दगड म्हणाल्या, तेही ऐकून घेतलं.

ती भांडी तुमची नव्हती. माझ्या मायची होती. आणि तुम्ही ती गरिबाच्या पोरींसाठी दिली नव्हती, आयकरात सूट मिळावी म्हणून दिली होती. मिळाली तीही नाही. सतरंजीवरच्या कोणालाच हे माहीत नाही, कारण मी चार वर्षं तोंड बंद ठेवलं. आता तुम्हाला सांगते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाही. मधेच माझी भाषा सुधारायला घ्यायचात. आज तुम्हाला मधे बोलता येणार नाही, हा तुमच्या मरणाचा मला झालेला एकुलता एक फायदा.

माझी माय वडशाकडची. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत धान रोवायची. मी दहा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात तिनं पत्त्याच्या मजुरीतून वडशाच्या बाजारात एक पितळी तांब्या घेतला, माझ्या आंदणाचा. पुढच्या वर्षी गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं. मग दुसरा गंज, परात, कोपर, घंगाळ, आणि शेवटच्या वर्षी पाण्याचा गुंड. सात उन्हाळ्यांची सात भांडी. प्रत्येक भांड्यावर नाव टाकून घेतलं. तेव्हा मशीन नव्हती, दुकानातला म्हातारा छिन्नीनं टिंबं टिंबं ठोकून अक्षर काढायचा. मायला वाचता येत नव्हतं. ती बोलली तसं त्यानं ठोकलं: "भागरता कडून सुलीले." सातही भांड्यांवर तेच. तिच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं, रेशनकार्डावर ती कोणाची तरी बायको होती. तिचं नाव लिहिलेलं असं या जगात तेवढंच होतं.

लग्नानंतर चार दिवसांनी तुम्ही चुलीजवळ बसून गंज फिरवून वाचलात आणि हसलात. मला अजून आठवतं, कारण मला वाटलं नवरा भांडी पाहून खुश झाला. तुम्ही म्हणालात, "भागरता असा शब्दच नाही. भागीरथी असतं ते."

मी म्हटलं, "माझ्या मायचं नाव हाय जी ते."

"नाव असलं तरी अशुद्ध आहे."

"मंग तुमी तिले जाऊन सांगा, तुझं नाव चुकलं म्हणून."

त्या दिवशी सुरू झालेलं आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही आस्थापना शाखेत होतात. लोकांच्या सेवापुस्तकातली नावं दुरुस्त करणं हेच तुमचं रोजचं काम, आणि ते काम तुम्ही घरी घेऊन यायचात. मोलकरणीचं रखमा तुम्ही रुक्मिणी केलंत, दूधवाल्याचा किसना कृष्णा केलात. ती माणसं हसून सोडून द्यायची. माय नाही हसली. एकदा दिवाळीला ती आपल्याकडे आली तेव्हा तुम्ही दारातच "या, भागीरथीबाई" म्हणालात आणि ती मागे वळून बघायला लागली, आपल्यामागे कोण आलं म्हणून. तुम्हाला त्याची फार गंमत वाटली होती. नंतर वर्षभर सांगत होतात सगळ्यांना.

तुम्ही वाईट होतात असं मी म्हणत नाही. तसं असतं तर सोपं गेलं असतं. मी चौथी शिकून आले होते. तुम्ही मला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवलंत. इंग्रजीच्या पेपरला मला ताप होता तर सायकलच्या कॅरिअरवर बसवून केंद्रावर नेलंत आणि तीन तास बाहेर झाडाखाली डबा धरून बसलात. निकाल लागला तेव्हा माझ्या आधी तुम्ही रडलात. त्या दहावीवर मला अंगणवाडी मिळाली, माझी स्वतःची सही झाली. हे लिहिते आहे तेही तुमच्याच कृपेनं, आणि यात शुद्धलेखनाची चूक सापडली तर तीही तुमचीच समजा. तुमचे उपकार मी विसरले नाही. तुम्हीच ते मला कधी विसरू दिले नाहीत.

आता त्या वर्षाचं सांगते. वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता पेन्शनीसोबत आला आणि तुम्ही टॅक्सात बसलात. जन्मभर दुसऱ्यांचे कागद नीट लावणारा माणूस, आणि आता सरकार तुमचेच पैसे कापणार, याचा तुम्हाला इतका राग आला की तुम्ही पेपरातली कात्रणं काढायला लागलात. कुठल्यातरी कात्रणात तुम्ही वाचलं की संस्थेला दान दिलं की कलम ऐंशी-जीखाली सूट मिळते. पुढचं वाचलं नाही. कापायचा तो टॅक्स किती, तर तुमच्या वर्षभराच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्यांएवढा. खर्रा सोडला असतात तरी भागलं असतं. कदाचित आज सतरंजीही अंथरावी लागली नसती.

मी सूनबाईच्या बाळंतपणाला नागपूरला गेले होते. तेवढ्यात तुम्ही मालाचा ऑटो बोलावलात. जुनं कपाट, बाज, गाद्या, मिक्सर, आणि माळ्यावरची माझी सात भांडी त्यात भरून गडचिरोलीच्या पुढे, धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या मुलींच्या वसतिगृहाला देऊन आलात. सोबत आपल्या सुंदर अक्षरात यादी. प्रत्येक वस्तूपुढे बाजारभावानं किंमत.

मी परत आले, माळ्यावर पाहिलं, आणि खाली उतरून विचारलं, "अजी, माझे भांडे कुठी हायत?"

"दान केली," तुम्ही म्हणालात. पेपर खाली न करता.

"मले विचारलं काऊन नाई?"

"वापरात नव्हती. निरुपयोगी वस्तू होत्या."

यादीतही तुम्ही तोच शब्द लिहिला होता, निरुपयोगी, आणि तरी पुढे किंमत टाकली होती. अजी, एवढंच विचारायचं होतं. "सुले, त्या पोरींकडे मोठी भांडी नाहीत, देऊ का?" असं म्हणाला असतात तर मी स्वतः चिंच लावून घासून, ऑटोत मांडीवर घेऊन गेले असते. माय असती तर तीही गेली असती.

मग आठवड्यानं तुम्ही मूल गावच्या टॅक्सवाल्या वकिलाला फोन लावलात. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर सुरू. मी भाजी निवडत होते. वकील म्हणाला, "सर, पावती कितीची बी आना, वस्तूचं दान ऐंशी-जीत चालत नाई. पैसे द्या लागते, अन् ते बी चेकनं. रोख दिले तर दोन हजाराच्या वर धरत नाई."

तुम्ही म्हणालात, "पण वस्तूंची किंमत लिहिलेली आहे."

"सर, किंमत तुमीच लिवली ना. सरकारनं कायची सूट द्यावं? तुमच्या गंजाची?"

मी हसले. मोठ्यानं हसले, निवडलेली मेथी हातातून पडली इतकी हसले. तुम्ही फोन ठेवून आत गेलात. ते हसणं तुम्हाला लागलं हे मला कळलं होतं. लागावं म्हणूनच हसले होते.

"मंग आता आना वापस," मी दाराबाहेरून म्हटलं.

"दिलेलं दान परत मागत नाहीत," तुम्ही आतून म्हणालात. सूट गेल्यावर मात्र तुम्हाला धर्म आठवला.

म्हणून मीच गेले. गडचिरोलीला गाडी बदलली, दुपारी वसतिगृहात पोचले. गृहपाल मडावीबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. समोरच्या पडवीत पोरी पंगतीला बसल्या होत्या आणि मायच्या मोठ्या गंजातून त्यांना भात वाढणं चाललं होतं. वाफ निघत होती. मला खरं तर बरं वाटलं. मनात आलं, जाऊ दे, राहू दे इथंच, नाव तर आहे. म्हणून उठून जवळ गेले, नाव बघायला.

नाव नव्हतं. जिथं टिंबं होती तिथं चार बोटं रुंद खरवडलेलं पितळ चकाकत होतं. परातीवर तसंच. कोपरावर तसंच. सातही.

मडावीबाई म्हणाल्या, "सरनंच घासलं ना जी ते. तुमाले नाई सांगतलं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे पद्धत अशी की आलेल्या भांड्यावर जे नाव असेल तेच साठ्याच्या वहीत चढवायचं आणि त्याच नावाची पावती फाडायची, कारण तपासणीला येणारा माणूस वही आणि भांडं जुळवून बघतो. तुम्ही यादी देऊन घाईनं निघून गेलात. त्यांच्या लिपिकानं भांडी उलटून वाचली आणि त्यांची पावती लिहिली: देणगीदार, श्रीमती भागरता. मी नागपूरलाच असताना ती पावती पोस्टानं घरी आली, तेव्हा तुम्ही ती घेऊन पुन्हा तिकडे गेलात. लिपिक ऐकेना. "सर, गंजावर तुमचं नाव नाई, तर तुमच्या नावानं कशी फाडू?" तेव्हा तुम्ही पिशवीतून कानस काढलीत. घरून घेऊन गेला होतात. पडवीत बसून दोन तास घासलंत, आणि उठून कपडे झटकून म्हणालात, "आता कोणाचंच नाव नाही. आता माझ्या नावानं फाडा."

माझ्या मायच्या नावानं जन्मात एकदा सरकारमान्य पावती निघाली होती, अजी. देणगीदार म्हणून. तेवढीही तुम्हाला बघवली नाही.

मी भांडी मागितली नाहीत. काय मागणार? मला भांडी नको होती, नाव हवं होतं, आणि ते पितळेच्या चुऱ्यासोबत पडवीतून झाडून गेलं होतं. घरी येऊन मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "माझ्या मायचं नाव पुसाले तुमचा हात कसा उचलला?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "त्यांचा तसा नियम होता." मग, "आणि नाव तरी कुठं शुद्ध होतं?"

ते दुसरं वाक्य तुम्ही बोलला नसतात तर मी कदाचित काही महिन्यांत विसरले असते. त्यानंतर मी तुम्हाला जेवायला वाढलं, गोळ्या दिल्या, डोळ्यांत थेंब घातले, पण बोलले नाही. लागेल तेवढंच. तुम्ही पेपर मोठ्यानं वाचायचात, मी ऐकते आहे का ते बघायला. मी भांडी आपटायचे. तुम्ही स्टीलची सात नवी आणून ठेवलीत, ती मी आपल्या प्रशांतच्या बायकोला दिली. दिलेलं दान परत मागत नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात.

आणि दवाखान्यातलं. हे मला लिहायचं नव्हतं. तुमच्या नाकाला नळी होती, श्वास पुरत नव्हता, आणि तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "सुले, ती भांडी..." मला कळलं तुम्ही काय बोलणार. चार वर्षं मी त्याच वाक्याची वाट बघत होते. आणि मी म्हटलं, "बोलू नका, नर्स ओरडते," आणि पाण्याची बाटली भरायला म्हणून बाहेर गेले. नळ जवळच होता. मी मुद्दाम दूरच्या नळावर गेले. तुम्हाला थोडं थांबायला लावावं, एवढंच मनात होतं. परत आले तेव्हा तुम्हाला आत हलवत होते, आणि त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. माझ्यातही तुमच्याइतकाच दुष्टपणा आहे हे मला त्या दिवशी कळलं. पंचेचाळीस वर्षांत काहीतरी उचलणारच माणूस.

परवा मडावीबाई आल्या. सतरंजीवर बसल्या, चार शब्द बोलल्या आणि पिशवीतून पेपरात गुंडाळलेला मायचा तांब्या काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी सर आले होते जी. नाव टाकनाऱ्याले संगं घेऊन. सातही भांड्याइवर नाव टाकून गेले. म्हने, बाईले सांगू नका, मी सांगीन." मग रडायला लागल्या. "सांगतलं का हो त्यायनं?"

मी तांब्या खिडकीच्या उजेडात धरला. त्या खरवडलेल्या जागेवर मशीननं कोरलेली, एका ओळीत बसवलेली, देखणी अक्षरं होती. "भागीरथीबाई यांजकडून सौ. सुलोचना हिस."

मी हसले, अजी. भरल्या घरात, तुमच्या फोटोसमोर, दिवा जळत असताना. वहिनी धावत आल्या. प्रशांतनं पाणी आणलं. कोणाला काय सांगू? माणूस माफी मागतो, मीही म्हटलं असतं झालं गेलं. पण तुम्ही माफीसुद्धा शुद्धलेखन सुधारून मागितलीत. भागीरथीबाई नावाच्या कोण्या बाईनं मला कधी तांब्या दिला नाही. आणि मी तेव्हा दहा वर्षांची होते, सौ. कशी असेन? सुलीले म्हणताना मायच्या तोंडात जे होतं ते 'सुलोचना हिस'मध्ये कुठं आहे? तुम्ही एवढ्या लांब गेलात, पदरचे पैसे घातलेत, त्या थकल्या छातीनं पायऱ्या चढलात. सगळं केलंत. फक्त जसं होतं तसं लिहिलं नाहीत.

रात्रभर नाही, पण संध्याकाळभर मी तुमच्यावर प्रेम केलं त्या तांब्यासाठी. मग पुन्हा वाचला आणि राग आला.

काल प्रशांत चिठ्ठी घेऊन आला. परवाच्या तेरवीला वाटायच्या ताटल्यांवर टाकायचा मजकूर. "स्व. त्र्यंबकराव यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ." तुम्हाला आवडलं असतं. त्रला य, यला अनुस्वार, वेलांट्या जागच्या जागी. मी चिठ्ठी घेतली, चप्पल घातली. वहिनी म्हणाल्या, "तेरवीच्या आंधी बाजारात जाते का कोनी बाई?" मी म्हटलं, "मी जाते."

तुमच्या आईनं तुमचं नाव तिरमक ठेवलं होतं. शाळेत तेच लागलं, मॅट्रिकच्या दाखल्यावर तेच होतं, आणि नोकरी लागल्यावर तुम्ही राजपत्रात छापून ते बदलून घेतलंत. पण म्हातारीच्या तोंडी बसलं नाही. ऑफिसातले लोक घरी आले की तुम्ही तिला आत बसायला सांगायचात, कारण ती चारचौघांत "तिरमक, चहा घेते का रे?" म्हणायची. ती आत बसायची. लुगड्याचा पदर तोंडात धरून, हाक मारू नये म्हणून. मी पाहिलं आहे तिला तसं बसलेलं. लग्नाला आठ दिवस झाले होते, तेव्हा मी काही बोलले नाही.

दुकानात गर्दी होती. भांडेवाले शेठ उठून उभे राहिले, स्टूल दिलं. मी चिठ्ठीवरचा मजकूर खोडला, खाली नवा लिहिला आणि पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"बाई, साहेबाचं नाव तर त्र्यंबकराव होतं ना?"

"राजपत्रात होतं."

"मंग हे चुकलं ना जी. तिरमक लिवलं तुमी."

"चुकलं नाई. त्यायच्या मायनं ठेवलेलं हाय."

"एकशे एक ताटल्या हायत, बाई. एकदा टाकलं का निंगत नाई."

"निंगते," मी म्हटलं. "कानशीनं निंगते. पन तुमी टाका."

प्रशांत मागून आला होता. हळूच म्हणाला, "आई, बाबाले कसं वाटन?" शेठनं पहिली ताटली मशीनखाली धरली. टर्रर्र करून 'ति' उमटला, मग 'र', आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, आणि थांबेना. शेठनं मशीन बंद केली. म्हणाले, "बाई, बदलू का?"

मी मान हलवली, नाही म्हणून.